तबेल्यातलं दीड मिनिट

सौदीत, जेद्दाच्या शराफिया भागात बाबांचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं, आणि त्या दुकानाची कात्री म्हणजे मी. कात्री नुसती म्हणायला. दुकानामागच्या घरी दोन व्हीसीआर जोडलेले असत. एकावर सिनेमा चाले, दुसऱ्यावर त्याची कॉपी उतरे, आणि बाई-पुरुष एकमेकांना हात लावायच्या बेतात आले की मी दुसऱ्याचं पॉजचं बटण दाबायचे. तपासणीत असलं काही सापडलं तर दुकानाला टाळं. बाबा पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, "हिच्या बोटावर माझा धंदा चालतो." मला एकोणिसावं चालू होतं आणि मी फुशारून जायचे. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

व्हीसीआर दुरुस्त करायला यायचा तो आमच्याच रत्नागिरीकडचा, पण खाडीकाठच्या मच्छीमारांतला. हाताचा कसबी. कॅसेट रिवाइंड न करता परत देणाऱ्या गिऱ्हाइकांवर मात्र जाम चिडायचा. आईचे कान स्वयंपाकघरातून आमच्याकडे असत, म्हणून आम्ही बोलायचो ते फक्त सिनेमांबद्दल. दीड वर्ष. त्यातच काय ते झालं. एकदा त्याचा विषय निघाला तेव्हा बाबा म्हणाले, "पोरगा चांगला हाय, पन मशीनपुरता. त्यांच्यात आपली सोयरीक होत नाय."

आखातात युद्धाचं वारं सुटलं त्या हिवाळ्यात बाबांनी मारामारीचा समजून एक चिनी सिनेमा आणला. निघाला भलताच. जुन्या काळातली सरदाराची मुलगी आणि तिच्या घरचे घोडे सांभाळणारा मोतद्दार. तिचं लग्न दूरच्या प्रांतात ठरतं, आणि तिचा घोडा तिथवर धरून न्यायचं काम त्याच्याच वाट्याला येतं. निघण्याआधी ती तबेल्यात येते, लगामाने सोललेला त्याचा तळवा हातात घेते आणि गालाला लावते. दीड मिनिट. बाकी सबंध सिनेमात दोघं एकमेकांकडे नीट बघतही नाहीत.

मशीन तपासायच्या निमित्ताने आम्ही तो एकत्र पाहिला. खालची इंग्रजी अक्षरं वाचून मी त्याला गोष्ट सांगत होते. सिनेमा तबेल्यापाशी आला. तो स्क्रू पिळत, खाली बघूनच म्हणाला, "मी हफ्र अल बातिनला चाललोय, लष्कराच्या कॅम्पात. तिथं तुमच्या दुकानातून ह्याची कॉपी येईल. तबेला ठेवलात, तर लढाई संपल्यावर तुमच्या बाबांसमोर येऊन उभा राहीन. कापलात, तर समजेन. मग तुमच्या दारात परत येनार नाय."

हफ्र कुवेतच्या बाजूला. तिकडची माणसं जीव मुठीत धरून इकडे येत होती, आणि हा तिकडे निघाला होता.

तो गेल्यावर एका दुपारी मी कॉपी करायला बसले. तबेला ठेवायचाच, हे पक्कं ठरवलं होतं. बाबा दुकानात, आई मासे तळत होती, माझ्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. पडद्यावर तिने तबेल्याचं दार ढकललं आणि माझं बोट बटणावर गेलं. सवयीने गेलं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. टेप मागे घेऊन पुन्हा उतरवायला पाच मिनिटं पुरली असती. मी उतरवलं नाही. बाबांचं ते कौतुक आठवलं आणि मी भ्याले.

लढाई पेटली. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून आम्ही रेडिओभोवती बसायचो, आणि हफ्रचं नाव आलं की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठायचे. ते चाळीस-बेचाळीस दिवस मी एकच मागत होते, तो जिवंत राहू दे. आणि वर, त्याने तो सिनेमा पाहिलेला नसू दे.

लढाई संपल्यावर त्या कॅम्पाचा ट्रक ड्रायव्हर कॅसेटींचं खोकं परत घेऊन आला. बाबांनी त्याच्याकडे आमच्या मशीनवाल्याची चौकशी केली. "ठीक है, सेठ. तबूक में काम पकड़ लिया उसने." तबूक म्हणजे पार उत्तरेला, जेद्दापासून हजारेक किलोमीटर.

खोक्यातल्या सगळ्या कॅसेटी अगदी शिस्तीत रिवाइंड केलेल्या होत्या. एक सोडून, तो चिनी सिनेमा. ती मी मशीनमध्ये घातली. पडद्यावर एकदम उजाडलेलं होतं, घोड्यावर खोगीर चढलेलं, आणि वधूवेशातली ती निघाली होती. कापल्या जागेपुढे त्याने सिनेमा पाहिलाच नव्हता.

बाबांनी बाहेरून हाक मारली, गिऱ्हाईक आलंय, चिनी सिनेमा मागतंय. मी कॅसेट रिवाइंड केली आणि त्यांच्या हातात नेऊन दिली.