खुर्ची फिरू लागली तेव्हा

सलूनवाल्या काकांची खुर्ची फिरत नसे. एकवीस वर्षांपूर्वी ती गंजून घट्ट बसली आणि तेव्हापासून काकाच गिऱ्हाइकाभोवती फिरत. रद्दीतून आलेलं जुन्या खगोलशास्त्राचं एक पुस्तक आरशाखाली असे. पृथ्वी मध्ये निश्चल आणि सूर्य, चंद्र, ग्रह सगळे तिच्याभोवती, हे काकांना मनापासून पटलं होतं.

"गिऱ्हाईक म्हणजे पृथ्वी," ते सांगत. डाव्या कानापाशी बेसिन आडवं येई, म्हणून तिथे दोन पावलं मागे जाऊन मग पुढे सरकत. "मंगळही असाच वक्री होतो. जुने लोक काय खुळे होते?"

पण गुडघा कुरकुरू लागला. काकूंनी निकाल दिला, "एकतर खुर्ची फिरेल, नाहीतर दुकानाला कुलूप!"

दुकानावाचून काकांना घास गिळवला नसता. त्यांनी मुकाट्याने मेकॅनिक बोलावला. खुर्ची बोट लावताच फिरू लागली.

पहिलं गिऱ्हाईक पोस्टमन. काका एका जागी उभे राहिले खरे, पण पाय ऐकतात थोडेच? ते चालू लागले. पोस्टमन गप्पिष्ट, बोलणाऱ्याकडे पाठ कशी करायची, म्हणून तोही पायाने खुर्ची वळवत काकांबरोबर फिरत राहिला. पाच फेऱ्या झाल्या. पुढचे केस झकास कापले गेले, मागचे जसेच्या तसे.

संध्याकाळी पोस्टमन परत आला. "काका, बायको विचारते, मध्येच पळून आलात का?"

काकांनी मागून पाहिलं आणि चपापून पुस्तक उघडलं. "चंद्राचंही असंच आहे बघ. इतका फिरतो, पण पाठ दाखवत नाही."

"चंद्राला घरी जायचं नसतं हो!"

हे ऐकून काकूंनी आतून एक स्टूल आणलं आणि काकांना खांदे धरून त्यावर बसवलं. "आता तुम्ही सूर्य. हलायचं नाही."

"अगं, पुस्तकात सूर्यच फिरतो."

"त्याचे गुडघे शाबूत असतील."

पोस्टमन पुन्हा खुर्चीत बसला आणि काकू ती फिरवू लागल्या. घाईत दोनदा जास्तच फिरली. काकांची कात्री मात्र जागच्या जागी चालत राहिली आणि मान स्वच्छ झाली.

"म्हणजे पृथ्वीच फिरते तर," काका पुटपुटले.

"फिरते," पोस्टमन खुर्चीचे हात घट्ट धरून म्हणाला, "आणि तिला मळमळतंयसुद्धा."

काका उठले. गुडघ्याने हूं की चूं केलं नाही. पोस्टमन अजून उतरलाही नव्हता, तोच त्यांनी दाराकडे पाहून हाक दिली, "चला, पुढचं कोण?"