सिनेमातली हळद

पुण्यातली नोकरी सोडून भाईंदरजवळच्या आमच्या मुर्धा गावी परत आले तेव्हा गावाने दोन अंदाज बांधले. एक, मला कामावरून काढून टाकलं. दोन, माझं लग्न ठरलं. मी सिनेमा काढायला आलेय, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं तरी कोणाला पटेना. समोरच्या काकूंनी तर स्पष्टच सांगितलं, "सिनेमावाल्या बाया अशा नसतात गो." त्यांचंही बरोबर होतं म्हणा. चाळिशी उलटलेली, चष्मेवाली, केसांना कलप न लावणारी आणि इतकी वर्षं विम्याच्या कंपनीत क्लेम तपासत बसलेली बाई. सिनेमावाली दिसणार कशी?

पण हे खूळ काही आजचं नव्हतं. लहानपणी गणपतीत आमच्या आळीत स्टेज पडायचं आणि मी नकला करायचे. बाजारातून मासळीची पाटी रिकामी करून येणाऱ्या मावश्या रिक्षावाल्याशी कशा भांडतात, सोसायटीतली गिऱ्हाइकं पापलेटाचं पोट दाबून कशी तोंड वाकडं करतात, हे सगळं मी करून दाखवायचे. समोर बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. तो हशा माझ्या डोक्यात जो बसला तो बसलाच. विमा कंपनीत कोणी हसत नाही. मग एक दिवस मी राजीनामा दिला आणि घरी आले.

माझ्या सिनेमाची गोष्ट साधी होती. एक बाई शहरातून गावी परतते. तिला लोकांना हसवायचं असतं, पण घरच्यांना वाटतं ही लग्नाला आली. ते परस्पर तिची हळद ठरवतात आणि ती पाटावर बसल्या बसल्या एकेका नातेवाइकाची नक्कल करत सगळा मांडव डोक्यावर घेते. आईला गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "हे तर आपलंच हाय." मी म्हटलं, छे, काल्पनिक आहे. तिने पुढे काही विचारलं नाही, पण एक अट घातली.

"अंगण घे, चूल घे, माझी भांडी घे. पण पाटावर तू बसायचं न्हाय."

आमच्याकडे समज असा की लग्न न झालेल्या मुलीच्या अंगाला फुकटची हळद लागली की तिची खरी हळद कायमची टळते. माझी खरी हळद कधीच टळली होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. एकट्या आईला ते मान्य नव्हतं. माझे निम्मे केस पांढरे झाले तरी ती दर दिवाळीनंतर कुठलं तरी स्थळ काढायची. मी चिडायचे, ती रुसायची, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत आमचं बरं चालायचं. लग्न मला नको होतं, पण तिची आशा माझ्या हातून मोडावी असंही वाटत नव्हतं. सिनेमा पडला तर पडू दे, पण ती दुखावली जाता कामा नये. म्हणून मी शब्द दिला. पाटावर बसायला मीरा रोडची एक मुलगी ठरवली. जाहिरातींत काम करायची, चुणचुणीत होती.

कॅमेरा भाईंदर पश्चिमेच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याचा. कॅमेऱ्यासोबत तोही आला. "मॅडम, टेन्शन नहीं लेने का, हळदी में अपना हाथ बैठेला है," म्हणाला. मांडव मात्र एका दिवसापुरताच मिळाला, कारण संध्याकाळी तोच काशीगावात एका खऱ्या हळदीला लागणार होता. मांडववाल्याने सकाळीच येऊन पिवळी कापडं ताणली, झेंडूच्या माळा सोडल्या, दाराला केळीचे खांब बांधले. फार देखणा दिसत होता.

चूक झाली ती इथेच. आमच्या गावात हळदीला आमंत्रण लागत नाही. मांडव दिसला की माणसं येतात. इतकी वर्षं बाहेर राहून मी हे विसरले, आणि आईला वाटलं की हा सिनेमाचा मांडव आहे हे मी सगळ्यांना सांगितलंय. मुलीचा मेकअप चालू असतानाच भावकीतल्या बायका फणफणत अंगणात शिरल्या. पोरीची हळद आणि आम्हाला पत्ता न्हाय? कोणी नारळ आणला होता, कोणी साडी. मी हात जोडून सांगितलं, अहो, हा सिनेमा आहे. त्यांचा राग तिथल्या तिथे गेला. पण घरी कोणी गेलं नाही. दोघीतिघी गेल्या त्या चांगली साडी नेसून परत आल्या.

मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. गर्दीसाठी माणसं आणणं मला परवडणारं नव्हतं आणि इथे तर अख्खी आळी आपल्या पायांनी, नटूनथटून आली होती. चहा पुरला नाही तेव्हा त्यांनीच चूल ताब्यात घेतली. शूटिंगवाला हरखून गेला. सवयीने तो प्रत्येकीला "आंटी, इधर देखो, स्माइल" म्हणायला लागला. कॅमेऱ्याकडे बघायचं नसतं, हे त्याला समजावता समजावता माझा घसा बसला.

मग धवलारीण आली. लग्नातले धवले गाणारी ही म्हातारी माझ्या आजेसासूच्या वयाची, म्हणजे मला सासू असती तर. तिने पाटाशेजारच्या हळदीच्या वाडग्यात बोट घातलं, जिभेला लावलं आणि विचारलं, "हे काय गो?"

"बेसन," मी म्हटलं. "पाण्यात कालवलंय. कॅमेऱ्यात हळदीसारखंच दिसतं."

"बेसन? नवरीची भजी तळायची हाय का?"

अंगणभर हशा पिकला. माझ्या अख्ख्या पटकथेत इतकं चांगलं वाक्य नव्हतं. म्हातारीने बेसन परसात ओतायला लावलं आणि घराघरातून खरी हळद आली. हे बघून पाटावर बसलेली मुलगी ताडकन उठली. दुसऱ्या दिवशी तिचं गोरं करणाऱ्या क्रीमचं शूटिंग होतं. "दीदी, खरी हळद चार दिवस जात नाही. मी पिवळी होऊन कशी जाऊ?" मी मनधरणी केली, बायकांनी केली. ती रडकुंडीला आली, आणि तिचं पोट त्या क्रीमवर होतं, माझ्या सिनेमावर नव्हतं. मी तिला रिक्षात बसवून दिलं.

परत येते तो धवला सुरू झालेला. पाट रिकामा, म्हातारी डोळे मिटून गातेय. मी तिला थांबवायला गेले तर एका दमात म्हणाली, "धवला अर्ध्यावर सोडत न्हाय मी. कोणाला तरी बसव." सगळ्या जणी माझ्याकडे बघायला लागल्या. मी आईकडे बघितलं. ती मागे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसली होती. बाबा गेल्यापासून गावातल्या प्रत्येक हळदीला ती तशीच मागे बसते. पुढे सवाष्णी असतात. कोणी तिला मागे बस म्हणत नाही, कारण तशी वेळच ती येऊ देत नाही.

मला रडू फुटायच्या बेतात होतं. मांडव परत मिळणार नव्हता, ही माणसं परत जमणार नव्हती. पण शब्द दिला होता. मी शूटिंगवाल्याला म्हटलं, "भैया, बंद करा. सामान आवरा."

"काय बंद करा?" आई उठली होती. "बस पाटावर."

"तूच नको म्हणालीस ना?"

"आता मीच सांगते. बस म्हटलं ना?"

मी बसले. समोरच्या काकू आंब्याचं पान हळदीत बुडवून पुढे झाल्या, तेवढ्यात आई बायकांमधून वाट काढत आली.

"थांब गो. पयली मी लावते."

म्हातारीचा सूर अडला. काकू चाचरत म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही? म्हणजे, पयली सवाष्ण..."

"सिनेमा हाय ना हा?" आई म्हणाली. "खोटी हळद हाय ना? मंग मला कोण अडवतंय?"

म्हातारीने एकदा आईकडे बघितलं आणि पुढची ओळ उचलली, आधीपेक्षा मोठ्याने. आईने पान घेतलंच नाही. दोन्ही तळवे वाडग्यात बुडवले आणि माझ्या पावलांना, गुडघ्यांना, खांद्यांना हळद लावली. मासळी कापून कापून खरबरीत झालेले हात. गालांना लावताना माझ्या कानाशी म्हणाली, "खरी असती तर मी आत वाटण वाटत बसले असते. दर स्थळाला हाच विचार यायचा. तुझं जमावं असं पण वाटायचं, आणि त्या दिवसाची भीती पण."

इतकी वर्षं मला वाटत होतं की ती माझ्यासाठी झुरतेय. तिच्या छातीवर हेही ओझं होतं, हे मला कधी कळलंच नाही. मी तिला मिठी मारून ढसाढसा रडले. शूटिंगवाल्याने कॅमेरा बंद केला नाही. लग्नात रडणं दिसलं की झूम करायचा हा त्याचा धर्म, तो त्याने पाळला. मग नाक पुसून मी ठरल्याप्रमाणे नकला सुरू केल्या. काकूंची केली, क्रीमवाल्या मुलीची केली, भज्यांवर बोलणाऱ्या म्हातारीची केली. आई पिवळ्या हातांनी पोट धरून हसत होती. पदर तोंडाला लावायचं तिला सुचलंच नाही.

ऊन उतरायच्या आत मांडव सुटला आणि काशीगावाला गेला. सिनेमा जेमतेम अर्ध्या तासाचा झाला. शूटिंगवाल्याने प्रेमापोटी तीन ठिकाणी उडते गुलाब टाकले होते, ते मी भांडून काढले. आळीत पडदा लावून दाखवला तेव्हा लोक स्वतःला बघून इतके ओरडत होते की संवाद ऐकूच आले नाहीत. मला काही वाईट वाटलं नाही. मोकळं, हलकं वाटलं.

दिवाळी झाली. आई ओटीवर बोंबील साफ करत होती. समोरच्या काकू आल्या, माझ्याकडे एक नजर टाकून आवाज खाली आणत म्हणाल्या, "वहिनी, वसईला एक माणूस हाय. बायको वारली त्याची. घर सोताचं हाय. विचारू काय?"

मी आतल्या दाराशी उभी राहून ऐकत होते. आईने हातातला बोंबील पूर्ण साफ केला, पाण्यात टाकला आणि दुसरा घेतला.

"नको," ती म्हणाली. "हळद झाली तिची. मीच लावली."