दातांत धरलेली लवंग

"भाईसाहब, दीदी को कंपू के अस्पताल ले आए हैं, आप सीधे यहीं आ जाइए..." ताईच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी किला गेटपाशी भाजी घेत होतो. पिशवी तिथेच टाकून ऑटो पकडला, तो इंदरगंजच्या चौकात अडकला आणि मी दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याला आता महिना उलटला. येणारा-जाणारा सांगतो, आता राग सोडा. मी सोडणार नाही.

सुनंदाताई माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही, सगळी नोकरी बँकेच्या खिडकीमागे केली. निवृत्तीनंतरही जुनी गिऱ्हाइकं मोबाइल हातात धरून घरी यायची, "दीदी, ये मैंने क्या दबा दिया?" म्हणून. ताईला उत्तर यायचं नाही आणि ते तिला खपायचं नाही. एक दिवस तिने ऑनलाइन विद्यापीठात वित्तीय तंत्रज्ञानाच्या पदवीला नाव घातलं. मी चेष्टा केली, "आता कोण देणार आहे तुला नोकरी?" ती म्हणाली, "नोकरी कोणाला हवीये? माझी खिडकी ज्याने बंद केली, ते अंदरून कसं आहे ते बघायचंय मला." मग दोन वर्षं लॅपटॉपवरच्या प्राध्यापकांशी ती एकटीच भांडायची. "ऐक रे, खिडकीतला माणूस काढल्यावर विचारायचं कोणाला, हे एकाही धड्यात नाही बघ!"

आता ताईच्या ओठांचं सांगतो. आमचे अण्णा पूजापाठ करणारे. पोथी असो की शाळेचं पुस्तक, वाचताना ओठ हललेच पाहिजेत, असा त्यांचा दंडक. ती सवय ताईला जन्माची लागली. परीक्षा घरबसल्या होती, पण लॅपटॉपचा कॅमेरा तोंडावर रोखलेला. सराव परीक्षेतच पडद्यावर लाल पाटी आली : ओठ हलत आहेत, कोणाशी बोलू नका. ताई हसली. मग रोज आरशासमोर बसून, पुढच्या दातांत लवंग धरून ती मुकाट्याने वाचायचा सराव करू लागली. त्रेसष्टाव्या वर्षी! शेवटच्या पेपरलाही तिने लवंग धरली होती. आठवड्याने पत्र आलं. संशयास्पद हालचाली दोन : ओठांची हालचाल, आणि तोंडात अनोळखी वस्तू. पेपर रद्द. खाली दोन चौकोन होते. गैरप्रकार मान्य करा आणि पुन्हा परीक्षेला बसा, किंवा हरकत घ्या.

तिने हरकत घेतली. उत्तर यायचं ते दर वेळी तेच, तुमची तक्रार नोंदवली आहे. आणि मी शहाणा, मी तिला म्हटलं, "ताई, कर मान्य आणि मोकळी हो. कोण बघतंय?"

ताईने चष्मा काढून ठेवला. "मी नकल केली, असं मी लिहून देऊ? तू सांगतोस हे?"

"तुझ्या हट्टापायी दोन वर्षं पाण्यात जातील."

"जाऊ दे. पण मी नकल नाही केली."

मी तरातरा निघून आलो. आठ दिवस फिरकलो नाही, फोनही केला नाही. तिनेही केला नाही. नवव्या दिवशी शेजारणीचा आला... विद्यापीठावर संतापताना मी स्वतःला वगळतोय असं कोणी समजू नये.

पुढचं ऐका. ताईच्या ईमेलवर सुनावणीची तारीख येऊन पडली होती, ती आम्ही पाहिलीच नाही. त्या दिवशी आम्ही तिच्या दहाव्याला बसलो होतो. नंतर निकाल आला : आपण गैरहजर राहिलात, सबब गैरप्रकार आपणास मान्य आहे असे समजण्यात येत आहे. मी मदत क्रमांक फिरवला. एक दाबा, दोन दाबा, असं करत एकदाचा जिवंत माणूस लागला. "सर, स्टूडेंट को ही बात करनी होगी." मी म्हटलं, "वो नहीं रहीं." तो म्हणाला, "तो सर, उनकी ईमेल से लिख दीजिए." त्याच्यावर तरी काय ओरडणार? त्याच्यापुढेही असेच दोन चौकोन असणार.

काल मुलीला, मुक्ताला, घेऊन ताईच्या खोलीत गेलो. टेबलावर लॅपटॉप, शेजारी आरसा, आणि लवंगांची स्टीलची चपटी डबी. मी खुर्चीत बसलो, तिच्यासारखी एक लवंग दातांत धरली आणि ते पत्र पुन्हा वाचायला घेतलं. चार ओळी झाल्या असतील.

"बाबा," मुक्ता हळूच म्हणाली, "तुमचे होंठ पण हिलतायत. बिलकुल आत्यासारखे..."

"हलू देत," म्हटलं. लवंग कचकन चावली, जिभेला झणझणीत लागली. पत्र शेवटपर्यंत मोठमोठ्याने वाचलं, त्या कॅमेऱ्याकडे बघत. मग त्या माणसाने सांगितलं होतं तसं ताईच्या ईमेलवरून, ताईच्या नावाने, एकच ओळ लिहून पाठवली.

मी नक्कल केलेली नाही.