अंजनाबाईचं रिकामं कांडप

नागपूरच्या नंदनवनातल्या अंजनाबाईच्या मिरची कांडपावरून रडल्याशिवाय कोणी परत गेल्याचं ऐकिवात नाही. भिवापुरी मिरची ओतली, लोखंडी मुसळं धडाधड पडायला लागली, की असा खकाणा उठतो की वकील काय, मास्तरीण काय आणि हवालदार काय, सगळे एका रांगेत शिंकतात आणि एकाच सुरात नाक ओढतात. तिथं रडायला कारण लागत नाही. कोणी विचारलंच, तर एक शब्द पुरतो : मिरची.

अंजनाबाई स्वतः मात्र त्या मुसळांची सख्खी बहीण. गिऱ्हाइकाच्या लेकीसुना तिखट कुटून होईपर्यंत आपलं गाऱ्हाणं सांगायच्या आणि हिचं औषध ठरलेलं असायचं, "रडू नको वं. रडून काय होते?" नवरा देवराव हिच्या अगदी उलट. लग्न कोणाचंही असो, पाठवणीच्या वेळी नवरीच्या बापाआधी हा हुंदके द्यायचा. अंजनाबाई पदराचं टोक त्याच्या हातात कोंबायची, "पुसा डोळे!" पदरात अख्ख्या उन्हाळ्याची मिरची भरलेली, त्यामुळे देवराव आणखी अर्धा तास रडायचा.

गेल्या वर्षी मार्चात, ऐन हंगामात, देवराव गेला. कांडपात आपल्या स्टुलावर बसला होता, दुपारचा चहा हातात होता, तो अर्धाच राहिला. सगळी वस्ती रडली, पण अंजनाबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. देवरावच्या नावानं झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेल्या बायका निघताना कुजबुजल्या, "काय बाप्पा काळीज म्हणा!" दुसऱ्या दिवशी तिनं कांडप उघडलं. लोकांची मिरची पडून होती ना! ती सकाळपासून मशीनपाशी उभी राहिली आणि दिवसभर तिचे डोळे वाहत राहिले. विचारणार कोण? मिरची!

जूनमध्ये मिरची संपली. अंजनाबाईचं रडणं संपलं नव्हतं.

मग शेजारच्या यमुताईच्या घरात एक नवीनच प्रकार सुरू झाला. भिंत एकच. भर श्रावणात तिच्या मांडणीवरची भांडी थडथड नाचायला लागली. पापड लाटायचं सोडून ती बाहेर आली, कांडपाच्या दाराच्या फटीतून डोकावली आणि तिनं तडक अंजनाबाईच्या लेकीला फोन लावला. "दीक्षा, तुही माय रिकामं मशीन चालवून राहिली वं! आत मिरचीचं बोंड नाही. भुताले तिखट लागते का?"

दीक्षा उमरेडला शाळेत शिकवते. ती एसटीनं आली, समजावून गेली, पण मशीन काही थांबलं नाही. तिकडे पुण्याहून मुलगा रोशन वेगळंच सांगत होता. कांडपाची जागा एका जिमवाल्याला हवी होती. "देऊन टाक आई, अन् पुण्याले चाल. मी मे महिन्यात येतो. तेव्हा हो का नाही, एक सांगून दे." रोशन जेव्हा जेव्हा यायचा, तेव्हा बॅग ठेवायच्या आधी "मशीन पाहून येतो" म्हणून आत जायचा. बाहेर यायचा तो लाल डोळ्यांनी. "मिरची गेली," म्हणायचा आणि कांडप विकायचा हट्ट दुप्पट जोरानं धरायचा.

आणि अंजनाबाईच्या तोंडून ना हो निघे ना नाही. जी बाई अख्ख्या वस्तीला दिवसातून दहा सल्ले फुकट वाटायची, तिला स्वतःच्या घरचं एक उत्तर सुचेना. जेवण तुटलं. एप्रिल उजाडला, तेव्हा दीक्षानं तिला रीना मॅडमकडे न्यायचं ठरवलं.

"पागलाची डॉक्टर?"

"नाही वं आई. समुपदेशक. तिथं फक्त बोलायचं राहते."

"बोलायले तिथं काहून जा लागते? तोंड तर घरी बी आहे."

तरी गेली. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून पिशवीत अर्धा किलो तिखटाची पुडी घेतली. पुडीचा दोरा सैल होता, हे पुढच्या अनर्थाचं मूळ.

रीना मॅडम तिशीची, साधी पोरगी. खोलीत दोन खुर्च्या आणि खिडकीला कूलर. "जयभीम मॅडम." "जयभीम. कुठं बसायचं ते तुम्हीच ठरवा." नागपूरचा एप्रिल! अंजनाबाई कूलरच्या पुढ्यात बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

"तुम्हाला काय म्हणू? काकू, मावशी?"

हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. वीस वर्षं ती मिरचीवाली काकू होती. जरा विचार करून ती म्हणाली, "अंजनाबाई म्हणा."

रीनानं सगळं नीट सांगितलं. दर आठवड्याला पन्नास मिनिटं तुमची. काय बोलायचं, किती बोलायचं, गप्प बसायचं का, ते तुम्ही ठरवायचं. कोणाच्या जिवाला धोका असला तर गोष्ट वेगळी, एरवी इथलं बाहेर जाणार नाही. आणि मी सल्ला देणार नाही. तुमचं म्हणणं तुमच्या बाजूनं समजून घेईन.

"सल्ला देनार नाही? मंग मी आली काहून?"

"तुम्हाला वाटलं होतं, मी उत्तर देईन."

"मंग!"

"आणि ते मिळत नाही, म्हणून राग येतोय."

"राग कायचा?" अंजनाबाई म्हणाली. मग पिशवी सावरत, "येऊन राहिला थोडासा."

मग तिनं घसा खाकरून सुरुवात केली. "आमचे हे वारले मागच्या साली. मी ठीक आहे तशी. डोळे तेवढे गळत राहतात दिवसभर. मिरचीनं." हे बोलून वर बघते तो काय, रीना मॅडमच्या डोळ्यांतून धारा! कूलरनं आपलं काम चोख बजावलं होतं. पुडीतलं तिखट आणि लुगड्यातला वर्षाचा खकाणा थेट समोरच्या खुर्चीवर जात होता. अंजनाबाईला वाटलं, काय माया आहे पोरीची! ओळख ना पाळख, अन् माह्या नवऱ्यासाठी रडते! ती गहिवरून उठली. "रडू नका मॅडम. रडून काय होते?" आणि तिनं आपल्या पदरानं रीनाचे डोळे पुसले.

त्यानंतरची दहा मिनिटं रीना मॅडम बेसिनपाशी होती.

परत आली ती टमाट्यासारखे डोळे घेऊन. म्हणाली, "अंजनाबाई, खरं सांगते. मी रडत नव्हते. ती मिरची होती. तुमचा गैरसमज राहू नये म्हणून सांगितलं. पण तुम्ही मला धीर द्यायला उठलात, ते मात्र मला पोचलं."

दुसरी कोणी असती तर ओशाळली असती. अंजनाबाई घरी येऊन दीक्षाला म्हणाली, "पोरगी खोटी नाही. मिरचीले मिरची म्हणते. पन येडी, भैताड आहे थोडीशी. आपुन जे म्हणलं, तेच आपल्याले वापस देते."

राहता राहिली बाहेर न जाण्याची गोष्ट. नंदनवनात गोष्ट बाहेर जात नाही? असं कुठं असतं का बाप्पा! दुसऱ्या खेपेला, लुगडं स्वच्छ धुऊन आणि पुडी घरी ठेवून, अंजनाबाईनं परीक्षा घेतली. हळूच वाकून एक थाप मारली. "तुमाले म्हणून सांगते मॅडम. यमुताई बजारातून पापड आणते अन् घरचे म्हणून विकते." मग आठ दिवस वस्तीत कान टवकारून फिरली. किराणावाल्याकडे विनाकारण तीनदा गेली. बुद्धविहारात शेवटपर्यंत बसली. यमुताईसमोर मुद्दाम पापडाचा विषय काढला. छे! कुठं चकार शब्द नाही. आठव्या दिवशी तिला पटलं की या खोलीचं दार खरोखर बंद होतं. तिसऱ्या खेपेला तिनं आधी थापेची कबुली दिली. रीना पोट धरून हसली आणि म्हणाली, "भरवसा ठेवायच्या आधी तपासून पाहिलंत तुम्ही." रागावली नाही, की उपदेशही केला नाही. म्हणून अंजनाबाई त्या दिवशी ऐटीत बोलायला लागली.

"त्या दिवशी तुमचे कसे हाल झाले ना! माह्याकडे पाहा. बारा वर्षं झाली, मिरचीनं माह्या डोळ्यात पाणी येत नाही. पोत्यात तोंड खुपसलं तरी नाही. सवय!"

रीना हळूच म्हणाली, "मिरचीनं बारा वर्षांत पाणी आलेलं नाही. आणि वर्षभर डोळे रोज गळतात."

एवढंच.

कूलरचं पाणी टपटप करत होतं. अंजनाबाईचीच दोन वाक्यं, तिनंच सांगितलेली, पण कोणी अशी शेजारी शेजारी ठेवून दाखवली नव्हती. आणि मग आलं. मशीन नाही, आवाज नाही, मिरची नाही. उघड्या, शांत खोलीत ती बाई लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडली.

"रडू नका म्हणा ना!" ती मध्येच ओरडली.

"कोणीतरी थांबवावं असं वाटतंय."

"नाही!"

"थांबवू नये असं वाटतंय."

"हो," म्हणाली आणि पुन्हा सुरू झाली. देवरावच्या अर्ध्या राहिलेल्या चहाचं सांगितलं, जो तिनं फेकला नव्हता, कप तसाच फडताळात ठेवला होता. रिकाम्या मशीनचं सांगितलं. "त्याच्या आवाजात माहा आवाज कोनाले ऐकू जात नाही." रीनानं एकदाही घड्याळ दाखवलं नाही, पण पन्नास मिनिटं भरली तेव्हा सरळ सांगितलं. बाहेर पडल्यावर अंजनाबाईला अशी भूक लागली की तिनं उभ्या उभ्या तीन आलुबोंडे खाल्ले. दीक्षा बघतच राहिली.

पुढच्या दोन भेटींत तिनं कांडपाचं सगळं उलटसुलट बोलून पाहिलं. द्यावं, ठेवावं, पुन्हा द्यावं. रीना ना इकडे ढकले ना तिकडे. घरी, गिऱ्हाइकं गेल्यावर, यमुताईची भांडी आता जागेवर शांत राहायला लागली.

बुद्धपौर्णिमेला रोशन आला. त्या दिवशी कांडप बंद. अंजनाबाईनं आदल्या दिवशी मशीन, फरशी, भिंती, सगळं पाण्यानं धुऊन काढलं होतं. रोशननं सवयीप्रमाणे बॅग हातात घेऊनच कांडपात पाऊल टाकलं आणि थबकला. आई देवरावच्या स्टुलावर बसून रडत होती.

"काहून वं आई? मिरची गेली का डोळ्यात?"

"मिरचीनं मले बारा वर्षांपासून काही होत नाही बापा. तुह्या बाबाची याद येऊन राहिली."

रोशन स्टुलाकडे बघत उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले, तसा घाईनं तोंड फिरवून म्हणाला, "मले बी... ठसका... मिरची..."

"बापा, मशीन धुतलेलं आहे. मिरची नाही इथं."

झालं! सहा फुटाचा गडी बॅगेवरच बसला आणि देवरावसारखा, हुबेहूब देवरावसारखा, हुंदके द्यायला लागला. "रडू नको, रडून काय होते," हे शब्द अंजनाबाईच्या जिभेच्या टोकापर्यंत आले. तिनं ते गिळले. पदरसुद्धा दिला नाही. नुसती त्याच्याजवळ खाली फरशीवर बसली.

बाहीनं नाक पुसत रोशन म्हणाला, "बाबाचा स्टूल पाहिला का मले सहन होत नाही. म्हणून म्हणत होतो, विकून टाक."

"विकनार नाही," अंजनाबाई म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता. "मिरचीचे चार महिने मी कांडप चालवीन. मले आवडते ते. पावसाळ्यात कुलूप लावून तुह्याकडे येईन."

"त्या मॅडमनं सांगितलं का असं?"

"तिनं काहीच नाही सांगितलं. सारं मलेच सांगा लागलं."

रोशनला हसू फुटलं, आणि हसता हसता पुन्हा रडू. मग आईलाही. एवढा गलका ऐकून यमुताई लाटणं घेऊनच दारात आली. बघते तो मशीन चकाचक, बंद, आणि मायलेक खाली बसून मोठ्यानं रडताहेत.

"आता काय झालं वं अंजना? मशीन तर बंद आहे!"

"आता मशीन लागत नाही वं," अंजनाबाई नाक ओढत म्हणाली. "ये, बस."