यादीतले पहिले काका

जास्त माल खपवला म्हणून खत कंपनीनं आमच्या मुरुम गावच्या खत-दुकानदारांना फुकट परदेशात नेलं. ही लाचच आहे, असं पत्रक मी लिहिलं. पत्रकात फुकट गेलेल्या दुकानदारांची यादी दिली, तीत पहिलं नाव आमच्या शेजारच्या काकांचं. हे काका कुणाच्याही दारात आधी गळका नळ आवळतात आणि मग रामराम घालतात.

स्कीइंगच्या पहिल्याच दिवशी त्यांनी कौतुकानं मला व्हिडिओ कॉल केला. पायांत लांब पट्ट्या बांधून ते बर्फात आडवे पडले होते. मागं एक यंत्र पाणी फवारून बर्फ बनवत होतं.

"काका, उठा की."

"उठतो. पर हे पाणी सकाळधरनं चालूच हाय. ह्याचा कॉक कुठं असंल?"

आणि ते यंत्राकडं रांगत निघाले.

पत्रक उद्या छापायला जाणारच. काकांचं नाव तेवढं मी यादीच्या तळाला नेलंय.