मिरजगावात आठशे वॅट

व्होल्टला अँपियरने भागल्याशिवाय जगातली कुठलीही गोष्ट खरी मानायची नाही, असं ठरवून बसलेली बाई मी आजवर एकच पाहिली आहे. मिरजगावात ज्यांच्या मागच्या खोलीत मी राहतो, त्या गिरणीवाल्या मावशी. पिठाच्या गिरणीत भिंतीवर दोन मीटर असतात, एक व्होल्टचा आणि एक अँपियरचा, तसे त्यांच्याकडेही आहेत. पण मावशींनी चहाच्या कॉईलच्या शेगडीलासुद्धा असेच दोन छोटे मीटर बसवून घेतलेत. मीटर बघत चहा उकळणारं दुसरं ठिकाण या तालुक्यात असेल असं मला वाटत नाही. चष्म्यावर पिठाचा थर साचला तरी त्यांचं काही अडत नाही, मीटरची काच मात्र सारखी पदराने पुसलेली असते. दळण चालू असताना त्या सुईकडे अशा बघत बसतात, की जणू लांब तळ्यात कुणी पोहत चाललंय आणि ते पलीकडे पोचेपर्यंत नजर काढायची नाही. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आत येते, तिच्यात पीठ तरंगत राहतं, कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. त्या घरघरीत मावशी इतक्या शांत दिसतात की मला उगाच झोप आल्यासारखं होतं.

शाळा त्यांची सहावीपर्यंतच झालेली. जळलेल्या मोटारीत नवी तार भरायला येणाऱ्या एका मिस्त्रीकडून त्यांनी हे सगळं विचारून विचारून घेतलं आणि आपल्या भाषेत बसवलं. व्होल्ट म्हणजे दाब, अँपियर म्हणजे धार. दाबाला धारेनं भागलं की समोरच्याचा आडमुठेपणा कळतो, तो ओहममध्ये. दाबाला धारेनं गुणलं की काम कळतं, ते वॅटमध्ये. मोटारीला एवढा हिशोब पुरत नाही, ती जरा तिरकी. शेगडी सरळ स्वभावाची, असं त्यांचं मत. माणसांनाही त्या हेच लावतात. एका साहेबांच्या कचेरीत तीन हेलपाटे झाल्यावर त्या घरी येऊन एवढंच म्हणाल्या, “दाब लई लावला, धार थेंबभर. लई ओहमचा माणूस हाय.”

शेगडी आणली तेव्हाची गोष्ट तर बाजारात अजून सांगतात. खोक्यावर हजार वॅट लिहिलेलं. मावशींनी लावून बघितली, तर दोनशे व्होल्ट आणि चार अँपियर. म्हणजे आठशेच. शेगडी पिशवीत घालून त्या दुकानदारापुढे उभ्या राहिल्या. तो बिचारा सांगत होता की शेगडी चांगली आहे, तुमच्याकडे वीजच कमी दाबाने येते, हजार वॅट पूर्ण दाबाला असतात. मावशींना ते पटलं, लगेच पटलं. “मंग खोक्यावर तसं लिवा की. मिरजगावात आठशे.” त्याने खरंच पेनाने लिहून दिलं, तेव्हा त्या खूश होऊन परत आल्या.

मी वैनगंगेकाठचा. आठवीत फळ्यासमोर भागाकार अडला, वर्ग हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून मी शाळेच्या वाटेला गेलो नाही. इथे एका ठेकेदाराकडे वायरिंगच्या कामाला लागलो. तो वाईट नाही, पण त्याने सांगून ठेवलं होतं की वायरमनचं लायसन काढ, या खेपेला पास झाला नाहीस तर मला तुला ठेवता येणार नाही. आकडा दिसला की माझे तळहात ओले होतात. हे मावशींना कळलं, आणि रोज संध्याकाळी त्या मला शेगडीसमोर बसवू लागल्या. शेतातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टची सुई दीडशेवर उतरायची, कॉईल पिकल्या संत्र्यासारखी मंद व्हायची. ओहम तेच पन्नास, धार चारची तीन, आणि काम आठशेवरून एकदम साडेचारशे. “दाब पाव हिश्श्यानं उतरला, काम निम्म्याच्या जवळ आलं. का? आरं, दाब उतरला की धार बी उतरती. दोघं मिळून काम बुडिवत्यात.” चहा यायला मग इतका वेळ लागायचा की माझी तीन-चार गणितं होऊन जायची आणि वर गावच्या नदीच्या गप्पाही व्हायच्या. इतक्या सावकाश मला कुणी कधी शिकवलं नव्हतं.

परीक्षा नगरला होती. तोंडी परीक्षेत साहेबांनी अगदी सोपं विचारलं: शेगडीवर हजार वॅट लिहिलंय, तर ती किती वॅट घेईल? माझ्या तोंडून निघून गेलं, “मिरजगावात आठशे. सांजच्याला साडेचारशे.” साहेबांनी पेन खाली ठेवलं. शेजारचे दुसरे साहेब हसले, आणि मला आठवीचा वर्ग दिसायला लागला. कसं ते सांग, पहिले साहेब म्हणाले. मी सगळं सांगितलं, दाब, धार, आडमुठेपणासकट. त्यांनी पेन उचलून काहीतरी लिहिलं आणि जायला सांगितलं. नंतरचे दिवस मी ट्रंक भरूनच ठेवली होती. मावशींनी ती दोनदा उघडून कपडे परत दोरीवर टाकले.

निकाल ठेकेदाराने फोनवर सांगितला. पास. मी गिरणीत जाऊन मावशींच्या कानाशी ओरडलो, तर त्यांनी कुणाची तरी बाजरी अर्धी दळायची असताना खटका खाली ओढला. असं त्यांनी कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, आधी आईला सांग. मी तिथेच फोन लावला. आई आधी हसली. मग म्हणाली, “मंग आता तू तिकडंच रायशील.”

मी मावशींकडे बघितलं. मावशींनी फोन माझ्या हातातून घेतला, पिठाच्या हातानेच कानाला लावला. “ताई, पोरगं हुशार हाय तुमचं. शाळेला कळलं न्हाई, यवढंच.”

तिकडे आईने फोन ठेवला नाही. मावशींनीही फोन काढला नाही. मोटार बंद झाली तरी पट्टा अजून हळूहळू फिरत होता, दळणाला आलेल्या बायका डबे धरून उभ्या होत्या, आणि एकमेकींना कधी न पाहिलेल्या त्या दोघी, काही न बोलता, फोन धरून होत्या.