तुर्की रॉक आणि माझी ढोलकी

तुर्की रॉकच्या वाटचालीत माझं योगदान अडीच मिनिटांचं आहे.

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनमध्ये आमच्या शेजारी तुर्कस्तानचे केमाल राहतात. त्यांनी माझ्या लेकीला, रेवाला, 'साझ' शिकवलं. हे लांब मानेचं तंतुवाद्य. तुर्कस्तानातल्या अनातोलियाच्या खेड्यांतली गाणी त्यावर गायची. मग तरुण पोरांनी त्यांनाच इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम जोडले, झालं तुर्की रॉक! रेवाच्या बँडचा पहिला कार्यक्रम आमच्या गल्लीच्या श्ट्रासनफेस्टमध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या जत्रेत होता, आणि आदल्या दिवशी ड्रमवाला सायकलवरून पडून हात मोडून बसला.

"मी आहे ना!" मी म्हणालो.

"अरे, तू गणपतीत आरतीला ढोलकी वाजवतोस, तेवढंच," बायको मीनल म्हणाली.

"बाबा, तालीम तरी करा!"

"ताल रक्तात आहे आपल्या!" (रक्तात काय आहे, हे डॉक्टरांनी वेगळंच सांगितलंय.)

गाणं सुरू झालं. मी भजनी ठेका धरला. आठ मात्रा, ठणठणीत! पण दर आवर्तनाला ही मंडळी एक मात्रा मागे पडू लागली. पोरं घाबरली असणार, म्हणून त्यांना ओढून न्यायला मी आणखी जोरात वाजवू लागलो. वर दर समेला "वा!" अशी दादही देत होतो.

"बाबा, नॉयन! नॉयन!" रेवा ओरडली.

नॉयन म्हणजे नऊ. गाणं नऊ मात्रांचं होतं! पण आरतीला सरावलेले हात आठाच्या पुढे जाईनात. गिटारवाला रडवेला झाला. आता पोरीचा पहिला कार्यक्रम बुडतो, या भीतीने मला घाम फुटला. घामाने थाप आणखीच सुटली!

रेवाने बाकीच्यांना मानेने थांबवलं, पायाने माझ्या ढोलकीच्या माइकची वायर उपटली, मी हात आवरले, आणि तिने एकटीने साझ छेडलं. गावाकडची मूळ चाल, साधी, संथ. मग हळूहळू गिटार मिसळली आणि ते रॉक झालं. केमाल डोळे पुसत होते. मीही. माझी पोर! छाती अशी फुगली की झब्ब्याचं बटण तुटायचं बाकी होतं.

टाळ्या थांबल्यावर एका जर्मन आजींनी रेवाला विचारलं, "ते ढोलवाले गृहस्थ कोण?"

मी मान खाली घातली.

"माझे बाबा," ती ताठ मानेने म्हणाली. "आमच्या बँडमध्येच आहेत."

मला भरून आलं.

"पुढच्या वेळेपासून," ती म्हणाली, "स्पीकर उचलायला."